गाठ आईशी आहे

उजव्या जबड्याखालच्या गाठीस,

नमस्कार नाही. पत्राच्या आरंभी तो घालायची रीत आहे, पण सात आठवडे माझा हात तुझ्यावरच होता. तो तुझ्यापुढे जोडायची माझी इच्छा नाही. हे पत्र बंद पाकिटात घालत नाही, चारचौघांसमोर वाचते आहे. तू एकट्या माझ्या घरात आलेली नाहीस. ताप उतरतो, सर्दी सरते, पोर पुन्हा अंगणात धावायला लागतं, आणि तू मात्र मागे राहतेस. कितीक आयांच्या झोपा तू अशा खाल्ल्या असतील! त्याचाच जाब मागायला बसले आहे.

भाद्रपदात, गौरी यायच्या आदल्या दिवशी माझ्या आठ वर्षांच्या लेकीला ताप भरला. नाक वाहत होतं, घसा लाल झाला होता, पेज गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. चौथ्या दिवशी ताप उतरला. गौरी गेल्या, गणपती गेले, शाळा सुरू झाली. आणि एका सकाळी वेणी घालताना तू माझ्या बोटाला लागलीस. कानाच्या पाळीखाली, जबड्याचं हाड जिथे वळतं तिथे, बोराएवढी. जरा दाबलं तर लेक "आई गं" म्हणाली. तू बोटाखालून सरकलीस आणि बोट उचलल्यावर पुन्हा जागेवर आलीस.

वेणी तशीच अर्धी राहिली. त्या रात्री मी उठून उठून तिच्या उशाशी बसले आणि अंधारात तुला चाचपलं. दुसऱ्या रात्रीही तेच. आमच्या घरात गाठ हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. का ते पुढे सांगते.

आधी गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. तिथे तुला दोन बोटांनी चिमटून पाहिलं आणि पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं. तू ढिम्म. मग दुसरं, जास्त महागाचं, आणखी पाच दिवस. पोरीला जुलाब सुरू झाले, जेवण तुटलं, तू तेवढीच. तिसऱ्या खेपेला "आता इंजेक्शनं देऊन बघू" असं ऐकलं आणि मी पोरीला घेऊन उठले. वाहत्या नाकाचा तो ताप बहुधा विषाणूचा होता आणि विषाणूला ही औषधं लागूच पडत नाहीत. तुझ्या आत पू नव्हता, तू गळू नव्हतीस. तरी तुझ्या नावाने दहा दिवस माझ्या लेकीच्या पोटात औषध गेलं. ते लिहून देणाऱ्यावर माझा राग आहेच, तो मी त्यांच्या तोंडावर बोलून आले. पण तुझ्या नुसत्या दिसण्याने शिकलेली माणसंही हातात येईल ते औषध फेकून मारतात, याचं खापर तुझ्यावरही आहे.

नंतर शहरातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी तुला हात लावण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. वजन घटलं आहे का? रात्री घामाने अंथरूण ओलं होतं का? घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे का? मांजराने ओरखडलं होतं का? दाढ दुखते का? मग लेकीच्या कंपासमधली प्लास्टिकची पट्टी मागून घेतली आणि तुला मोजलं. दीड सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूची मान पाहिली, काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या, पोट दाबून पाणथरी हाताला लागते का ते पाहिलं. शेवटी तिची वेणी सोडून केस विंचरावेत तसे बाजूला केले आणि मला जवळ बोलावलं. मानेच्या मागच्या बाजूला, केस सुरू होतात तिथे, तुझ्या आणखी दोन बहिणी होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. मला त्या कधी लागल्याच नव्हत्या. आणि वर टाळूवर लिखा, खाजवून खाजवून झालेले दोन फोड. "या दोघी उवांच्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढची घशाची. शाळकरी मुलांच्या मानेत एवढ्यातेवढ्या गाठी हाताला लागणं नेहमीचं आहे. आता औषध नाही. बोट लावायचं नाही. तीन आठवड्यांनी दाखवा."

बोट लावायचं नाही! तापाच्या औषधापेक्षा ते पथ्य कडक होतं. सारखं दाबलं की तू दुखरी राहतेस, हे त्यांनी समजावून सांगितलं म्हणून मी ते पाळलं. निदान दिवसा तरी पाळलं.

मग मी तुझी माहिती काढली. ज्याच्याशी भांडायचं ते काय आहे, हे माहीत असलेलं बरं.

माणसाच्या अंगात तुझ्यासारख्या पाच-सहाशे गाठी असतात आणि त्यातल्या खूपशा मानेतच. घशात जंतू शिरला की तिथल्या पहारेकरी पेशी त्याचे तुकडे उचलतात आणि लसिकेच्या बारीक नळ्यांतून तुझ्यापर्यंत आणतात. खरचटल्यावर रक्त थांबलं की जखमेतून जे पिवळट पाणी पाझरतं त्याला आपण लस म्हणतो. लसिका त्याच जातकुळीची. (दंडात सुईने टोचतात तीही लसच. आपल्या भाषेने दोन्हीला एकच नाव ठेवलं, आणि टोचलेल्या लशीनेही काखेत तू फुगतेस हे तान्ह्या बाळाला बीसीजी दिल्यावर काही आयांना कळतं.) या लसिकेला हृदयासारखा वेगळा पंप नाही. नळ्या थोड्या स्वतः आकसतात, बाकी आपण मान वळवली, घोट गिळला, श्वास घेतला की ती पुढे सरकते आणि वाटेत तुझ्यातून गाळून जाते.

जंतूची खबर आली की तू बाहेर पडायची वाट काही काळ बंद करतेस. पांढऱ्या पेशी रक्तातून तुझ्यात शिरत राहतात, बाहेर कुणी जात नाही. नेमका तोच जंतू ओळखणारी पेशी लाखांत एखादी. ती सापडेपर्यंत गर्दी धरून ठेवायची, आणि सापडली की तिच्या एकीच्या दोन, दोनाच्या चार करत आठवडाभरात हजारो करायच्या. तुझं कवच ताणतं ते यामुळे, आणि दुखतं ते ताणल्यामुळे. जंतू हरला की यातल्या बहुतेक पेशी मरून जातात, त्यांचा कचरा दुसऱ्या पेशी खातात, थोड्या आठवण धरून वर्षानुवर्षं उरतात. पण हे एका रात्रीत होत नाही. शिवाय त्याच जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांना अधिक धार लावायचं काम तुझ्या आत ताप गेल्यावरही कित्येक आठवडे चालू असतं. आमच्या चौकातला गणपतीचा मांडवही विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उतरत नाही. मूर्ती गेली, माणसं पांगली, तरी बांबू उभे, सुतळ्या लोंबताहेत, येणाजाणाऱ्याला अडथळा. तशी तू. कधी दोन-चार आठवडे, कधी महिने. कधी पूर्ण जातच नाहीस, छर्र्यासारखी बारीक आणि सरकती होऊन राहून जातेस, आणि त्यात काही वावगं नसतं.

हे समजल्यावर माझा राग उतरायला हवा होता. तो वाढला. तू काम करतेस हे कबूल, पोरीचं रक्षण केलंस हेही कबूल. पण जे काम आठवड्यांत संपणार आहे त्यालाही तुझं तेच तोंड आणि जे आपणहून कधीच संपणार नाही त्यालाही तेच. आपल्याकडे गाठी दोन जातींच्या. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, ओढावं तशी आवळत जाते ती निरगाठ. तू कोणती, हे पहिल्या दिवशी बोटाला कळत नाही. ते आठवड्यांनीच कळतं. आणि तेवढे आठवडे आईने काय करायचं?

तुझी भीती आमच्या मुलखात उगाच रुजलेली नाही. पायाला ठेच लागली, करटं झालं की जांघेत अवधाण यायचं. जखम बरी झाली की तेही बसायचं. त्याला कुणी भीत नव्हतं. पण 1896 साली मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, मूळच्या गोव्याच्या डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि पुढच्या वर्षी तो पुण्यात पसरला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे. जांघेत, काखेत, मानेत तू उठायचीस आणि आठवड्याच्या आत माणूस जायचा. पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या अंमलात गोरे सोल्जर घरात घुसून बायाबापड्यांच्या काखाजांघा तपासायचे. तुझा शोध घ्यायच्या नावाखाली जी विटंबना झाली तिचा सूड 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळ्या झाडून घेतला गेला. त्याआधी तीन महिने, 10 मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. 1994 साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात अशाच गाठींच्या तापाची बातमी आली तेव्हा आमच्या आजीने देवापुढे दिवा लावून आम्हा सगळ्यांच्या काखा बघितल्याचं मला आठवतं. तिच्या हातांना जुनं काही ठाऊक होतं.

आता माझ्या मावशीचं सांगते. मुख्य जाब तिच्या वतीनेच आहे.

1979 साली ती सतरा वर्षांची होती. माण तालुक्यातलं गाव, दुष्काळी रान. तिच्या मानेच्या डाव्या बाजूला तू उठलीस. तिला ना मोठा ताप ना दुखणं, आणि तिथेच तू फसवलंस. दुखली असतीस तर तिला कुणी दवाखान्यात नेलं असतं. तू गुपचूप वाढलीस. एकीच्या दोन झाल्यात, एकमेकींना चिकटलात, माळ झालीत. गंडमाळ हे नाव त्यावरूनच पडलं. संध्याकाळी तिला बारीक कणकण यायची, परकर कमरेला ढिला व्हायला लागला. घरात ठरलं, गावात बोलायचं नाही. स्थळं येत होती. मंतरलेला दोरा बांधला, चुना आणि गूळ थापला. मग कुणीतरी बिब्ब्याचा डाग द्यायला सांगितलं. दोघांनी तिचे हात धरले. जळलेल्या कातडीवर फोड आला, आणि आत तू आपल्या जागी शाबूत.

पुढल्या उन्हाळ्यात तू फुटलीस. ठणका नाही, ऊब नाही, असलं थंड गळू. महिनोन् महिने त्यातून पातळ पू वाहत राहिला. तेव्हा कुठे तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि क्षयाचं निदान झालं. स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं घ्यायला ती महिनोन् महिने चार मैल चालत जायची. घरी तिचं ताट-वाटी वेगळी होती. फुप्फुसाला धक्का नसलेला, फक्त गाठीतला क्षय शेजारी बसल्याने, ताटातलं खाल्ल्याने लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. ती बरी झाली. लग्न उशिरा झालं, बिजवराशी. मानेवर कातडी चुरगळल्यासारखा व्रण राहिला, त्याच्याखाली बिब्ब्याचा काळा डाग. पंचेचाळीस वर्षं ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेते. उन्हाळ्यातही. आम्हा मुलांना एवढंच माहीत होतं की लहानपणी मावशी भाजली होती.

तू पहिल्या महिन्यात, पहिल्या सेंटिमीटरला स्पष्ट बोलली असतीस तर ती मान मोकळी राहिली असती. आणि तुझ्या बाजूने बोलायचं तर, तू तशी थोडीफार बोलत होतीस. संध्याकाळची कणकण होती, ढिला परकर होता. ऐकणारं कुणी नव्हतं. तरीसुद्धा मी तुला सोडणार नाही. ज्या पोरीला आपल्याच घरात तोंड उघडायची मुभा नव्हती, तिच्या मानेत तू इतक्या हळू आवाजात का बोललीस?

म्हणून आता बजावून सांगते. गाठ माझ्याशी आहे.

पुन्हा कधी उठलीस तर चार आठवडे मी थांबेन, पट्टीने मोजेन, वहीत लिहीन, रात्री चाचपणार नाही. तू बोराची हरभरा झालीस, मऊ राहिलीस, सरकत राहिलीस, तर तुझा मांडव तुझ्या सवडीने उतरव. मी आणखी महिना-दोन महिने बोलणार नाही. पण चार आठवड्यांनंतरही वाढत राहिलीस, किंवा त्याआधीच दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलीस, दगडासारखी टणक झालीस, खालच्या मांसाला चिकटलीस, शेजारणींना धरून माळ केलीस, पोरीचं वजन खाल्लंस, तिचा ताप पुन्हा आणलास, तिचं अंथरूण घामाने भिजवलंस, तर मी एक दिवस थांबणार नाही. आणि गळ्याखाली, हासळीच्या हाडाच्या वर उठलीस तर लहान-मोठी न बघता तुला त्याच दिवशी डॉक्टरांपुढे उभी करीन. तिथल्या गाठीचं मूळ छातीत किंवा पोटात खोल असू शकतं. सोनोग्राफीत तू लांबट आहेस की गोल, तुझ्या मध्यावरची चरबीची पांढरी रेघ जागेवर आहे की पुसली गेली, हे दिसतं. मग सुई. बारीक सुईने तुझ्यातलं थेंबभर काढून काचेवर पसरायचं, क्षयाच्या जंतूसाठी यंत्रात घालायचं. सुई लावली की रोग पसरतो, असं सांगायला आळीतल्या चार बायका येतील. त्यांना मी चहा देईन आणि सुई लावून घेईन. त्या एका समजुतीने किती माणसं उशिरा पोचतात! निदान होण्याआधी कुणी स्टिरॉइड देऊ म्हणालं तर त्यालाही नाही म्हणेन; त्याने तू बसल्यासारखी दिसतेस आणि आतला रोग झाकला जातो.

आणि क्षय निघालाच, तर तोही मोठ्याने सांगेन. आज औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, गाठीच्या क्षयाला साधारण सहा महिने. सकस खाण्यासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात; नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 500 होते. तुझी आणखी एक खोड मला आता ठाऊक आहे. औषध सुरू झाल्यावर तू मध्येच फुगतेस, कधी नवीनही उठतेस, आणि घाबरलेली माणसं औषध लागू पडत नाही असं समजून ते सोडून देतात. तो बऱ्याचदा मेलेल्या जंतूंवर शरीराने काढलेला राग असतो. सहा महिने संपल्यावरही बारीक गाठ उरू शकते, आणि ती उरली म्हणजे रोग उरला असं नाही. ते डॉक्टरांनी पाहून ठरवायचं, घरात ठरवायचं नाही.

दसऱ्याला तू हरभऱ्याएवढी होतीस. डॉक्टरबाईंनी पट्टी लावली, आठ मिलिमीटर लिहिलं. मानेमागच्या दोघी उवांचं औषध लावल्यावर केव्हाच बसल्या होत्या.

दिवाळीला मावशी आली. नरक चतुर्दशीला पहाटे लेकीला पाटावर बसवून तीच तेल लावायला बसली. मी उटणं कालवत होते. तिचा हात मानेवरून कानाखाली गेला आणि थांबला. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तेलकट बोटाने तिने तुला दोनदा अलगद हलवलं. "तुरीच्या दाण्याएवढी आहे," ती म्हणाली. "सरकते." आणि पुन्हा तेल चोळायला लागली.

वाकल्यामुळे तिचा पदर खांद्यावरून घसरला. दोन्ही हात तेलाचे, तिने तो सावरला नाही. लेकीने मान वळवून तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, हे काय झालंय?"

मी उटण्याची वाटी धरून उभी राहिले. भाजलं होतं, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"गाठ होती," मावशी म्हणाली. "गंडमाळ म्हणतात तिला. तुझ्याएवढी नव्हते, मोठी होते. मग ती फुटली." लेकीने विचारलं, खूप दुखली का? मावशी म्हणाली, "गाठ नाही दुखली. बिब्बा दुखला." आणि तिने पोरीची मान सरळ करून दुसऱ्या बाजूला तेल घातलं.

तुझी पुढची तारीख मार्गशीर्षात आहे. पट्टी कंपासमध्येच ठेवली आहे.

कळावे,
तिची आई